दिवाळीत मांजर-कुत्रं कुणावर सोपवायचं?

आजचा अख्खा रविवार सिटर, म्हणजे आपण गावाला गेल्यावर प्राणी सांभाळणारा माणूस, निवडण्यात गेला. दिवाळी जवळ आली की पुण्यात कोथरूड-कर्वेनगरातली भरवशाची माणसं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे शोध दीड-दोन महिने आधी सुरू करावा.

"मला प्राणी खूप आवडतात" हे सिटरचं उत्तर काही कामाचं नाही. मांजराने दिवसभर खाण्याला तोंड लावलं नाही तर काय कराल, हे विचारा. "भूक लागली की खाईल" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. मांजर, त्यातही लठ्ठ, काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. २४ तास खाल्लं नाही की डॉक्टरांना फोन, हे बरोबर उत्तर. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये सारखा बसतोय पण लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तिथे सकाळ व्हायची वाटही बघायची नाही.

कुत्र्याला सिटरबरोबर फिरायला पाठवा आणि तुम्ही दहा पावलं मागून चाला. पट्टा मनगटात अडकवतात की नुसता बोटांत धरतात, ते दिसेल. फटाक्याला बिचकलेला कुत्रा मागे ओढून कॉलरमधून डोकं काढून घेतो, म्हणून हार्नेसच (छातीभोवती बांधायचा पट्टा) हवा. फराळातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे न सांगता माहीत असेल तर माणूस जाणकार.

एक रात्र चाचणी घ्या, तुम्ही पुण्यातच असताना. लसीकरणाचं कार्ड, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि उपचाराची लेखी संमती फ्रिजवर लावा. सोसायटीच्या गेटवर नाव नोंदवा, नाहीतर वॉचमन सिटरला आत सोडणार नाही.