तुम्ही विचारलंत म्हणून: म्युटेशन शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

सांगलीत बायोटेक शिकवते म्हटल्यावर एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, अमुक जीनमधलं म्युटेशन शोधायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं: डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा (म्हणजे हव्या तुकड्याच्या भरमसाठ प्रती काढायच्या), सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचून घ्यायला, पाठवायचं. मी उलट विचारते, कोणता बदल शोधायचाय हे माहीत आहे, की जीनमध्ये कुठेतरी काहीतरी बिघडलंय एवढाच संशय आहे? माहीत असेल तर एकच जागा तपासायची. नसेल तर अख्खा जीन वाचायचा. खर्च, वेळ, पद्धत, सगळं इथेच ठरतं.

पहिल्या प्रकारासाठी आपल्याकडे दारातच उदाहरण आहे. तासगाव-मिरजेकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षावर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येतो. "ॲझॉक्सी मारलं, रिझल्टच नाही," म्हणत बागायतदार दुकानदाराच्या अंगावर जातो. औषध बोगस असूही शकतं. पण कधी कधी औषध चोख असतं आणि बदललेला असतो तो डाऊनीच, म्हणजे रोग आणणारा जीव. ॲझॉक्सी, म्हणजे ॲझॉक्सिस्ट्रोबिन, त्याच्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटून श्वसन बंद पाडतं. त्या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन ॲलनीन आलं की औषधाला नीट बसताच येत नाही. डीएनएत फरक एका अक्षराचा, जीजीटीचं जीसीटी. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत हा प्रतिकार नोंदवलाही गेला आहे.

तर सुरुवात कागदावर. एनसीबीआय या जीन-सिक्वेन्सच्या ऑनलाइन साठ्यावरून डाऊनीच्या सायटोक्रोम बीचा सिक्वेन्स उतरवून घ्या, छापा आणि १४३वा कोडॉन (एका अमिनो आम्लाची तीन अक्षरं) पेन्सिलीने स्वतः मोजून काढा. सॉफ्टवेअर ते क्षणात करतं, तरी मोजाच. मग वीसेक अक्षरांचे दोन प्रायमर, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे, त्या जागेपासून दोन्हीकडे शंभरेक अक्षरं तरी लांब ठेवा, कारण सँगर सिक्वेन्सिंगमध्ये (एकेक तुकडा वाचायची नेहमीची पद्धत) सुरुवातीची तीस-पन्नास अक्षरं धड वाचता येत नाहीत. आणि प्रायमर द्राक्षाच्या डीएनएशी ब्लास्ट करून, म्हणजे जुळतो का ते संगणकावर ताडून, बघा. सायटोक्रोम बी वेलीलाही असतं. प्रायमर तिकडे चिकटला तर जेलवर बँड (पीसीआरने बनलेल्या डीएनएचा पट्टा) झकास दिसेल, पण तो पानाचा.

आता नमुना. डाऊनी प्लेटमध्ये वाढत नाही, त्याला जिवंत पान लागतं. डाग असलेलं पान ओल्या टिश्यूवर पालथं घालून डब्यात रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव येते. ती ब्रशने पाण्यात उतरवायची. एका पानावर औषधाला मरणारे आणि न मरणारे दोन्ही असू शकतात. तेव्हा सिक्वेन्सिंगच्या ग्राफवर त्या एकाच जागी दोन शिखरं दिसतात, जीचं काळं आणि सीचं निळं, एकात एक घुसलेली. हे मशीनचा गोंधळ म्हणून सोडून देऊ नका, उलट्या दिशेनेही वाचून घ्या. मात्र निळ्याचा वाटा पंधरा-वीस टक्क्यांखाली असेल तर सँगरला तो सहसा दिसत नाही. तिथे फक्त बदललेलं अक्षरच ओळखणारा प्रायमर किंवा रिअल-टाइम पीसीआर लागतो.

सोबत मरणारा म्हणून माहीत असलेला एक नमुना, न मरणारा एक, आणि नुसत्या पाण्याची एक ट्यूब. पाण्यात बँड आला तर त्या दिवशीचं सगळं फेकायचं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

कोणी विचारतं, हेच तांबेऱ्यात शोधू का? नको. तांबेऱ्याच्या बुरशीत १४३व्या कोडॉनला लागूनच इंट्रॉन आहे, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा जीनचा तुकडा. तिथे हा बदल झाला तर इंट्रॉन नीट कापला जात नाही आणि बुरशी तगत नाही, असं मानतात. जीनची रचना आधी बघितली तर असले महिने वाचतात.

दुसऱ्या वाटेचं थोडक्यात. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेला बीआरसीए१सारखा जीन घेतलात तर वीसहून जास्त एक्झॉन (इंट्रॉन कापल्यावर उरणारे तुकडे) वाचावे लागतात, आणि प्रायमर इंट्रॉनमध्ये ठेवावे लागतात, म्हणजे एक्झॉनच्या कडाही वाचता येतात. अख्खा एक्झॉनच गायब असेल तर सँगरला बहुधा पत्ता लागत नाही, कारण जोडीतली दुसरी प्रत साजरी दिसते. त्यासाठी एमएलपीए ही एक्झॉनच्या प्रती मोजणारी पद्धत आहे. शिवाय माणसाचं रक्त घ्यायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी, आणि तिला लागणारा वेळ प्रोजेक्टच्या वेळापत्रकात कुणीच धरलेला नसतो.