तुम्ही विचारलंत म्हणून: न चालणाऱ्या कोडचा एवढा बाऊ का?

'जो कोड चालतच नाही, तो पडून राहिला तर तुमचं काय बिघडतं?' कोड रिव्ह्यूमध्ये मी अनरीचेबल कोडच्या, म्हणजे प्रोग्रॅम जिथे कधी पोहोचतच नाही अशा ओळींच्या, वॉर्निंगवर अडून बसलो की हा प्रश्न ठरलेला. एकदाचं सांगून टाकतो.

आमच्याकडे पॅकेट वाचणारं एक फंक्शन होतं. एकूण लांबीतून हेडरची (पॅकेटच्या सुरुवातीच्या भागाची) लांबी वजा करायची, उरतील तेवढे बाइट कॉपी करायचे. मध्ये चेक होता: उरलेले शून्यापेक्षा कमी असतील तर एरर देऊन परत फिर. प्रॉडक्शनमध्ये ते अधूनमधून कोसळायचं. तीन रात्री मी कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) उघडून कॉपीच्या ओळीकडे बघत बसलो. सहकाऱ्याने दोनदा विचारलं, 'आकडा निगेटिव्ह तर जात नाही ना?' दोन्ही वेळा मी त्या चेकवर बोट ठेवलं. 'हा काय, आहे की!'

तिसऱ्या रात्री पॉइंटर (मेमरीतले पत्ते) सोडून लांबी छापून पाहिली. ४२९४९६७२९२. पॅकेट चार बाइटांनी तोकडं आलं होतं आणि व्हेरिएबल ३२ बिटी अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न ठेवणारं. ते शून्याखाली जातच नाही, थेट वरच्या टोकाला जाऊन बसतं. म्हणजे तो इफ पहिल्या दिवसापासून कधीच खरा होणार नव्हता.

कंपायलरने हे सांगितलं नसतं का? सांगितलं असतं. पण मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) टाइप-लिमिट्सची, म्हणजे कधीच खऱ्या न होणाऱ्या अशा तुलनांची, वॉर्निंग वर्षभरापूर्वीच बंद केलेली. कमिटचा मेसेज, 'बिल्ड लॉग स्वच्छ केला'. कमिट माझाच.

त्या वेळच्या मला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्याचीही बाजू आहे. मॅक्रो (कोडमधली संक्षिप्त रूपं) उलगडले की एका प्लॅटफॉर्मवर मेलेली ब्रँच, म्हणजे इफची वाट, दुसऱ्यावर जिवंत असते. जावात 'वाइल फॉल्स' (एकदाही न चालणारा लूप) ही एरर आहे, पण 'इफ फॉल्स'ला मुद्दाम सूट, डीबगचे फ्लॅग ठेवता यावेत म्हणून. जीसीसी हा सी कंपायलर तर अनरीचेबल-कोडच्या वॉर्निंगचा ऑप्शन निमूट घेतो आणि काहीच करत नाही. ऑप्टिमायझरवर (कोड वेगवान करणाऱ्या भागावर) विसंबल्यामुळे तो ऑप्शन आवृत्तीगणिक वेगवेगळ्या ओळींवर ओरडायचा, म्हणून काढला. कंपायलरवाल्यांनीच हात टेकले, तर मी कोण?

आणि तरीही. २०१४ साली उघडकीस आलं की ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये 'गोटू फेल', म्हणजे थेट शेवटी उडी मारण्याची ओळ, चुकून दोनदा पडली होती. दुसरी इफच्या बाहेर, त्यामुळे खालची सही तपासणारी ओळ चाललीच नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये अनरीचेबल-कोडचा हाच ऑप्शन खरोखर काम करतो, फक्त 'वॉल' या नेहमीच्या वॉर्निंगांच्या गठ्ठ्यात येत नाही, वेगळा मागावा लागतो.

सध्या आमच्याकडे ही वॉर्निंग एरर आहे आणि सतरा ठिकाणी प्रॅग्मा (कंपायलरला कोडमधूनच दिलेली सूचना) लावून गप्प केलेली. त्यातल्या दोन ठिकाणी का लावला, ते मला आता आठवत नाही.