दोनदा निवृत्त झालेली आवृत्ती

पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेस सॉफ्टवेअरची बारावी आवृत्ती 14 नोव्हेंबर 2024 रोजी निवृत्त व्हायची होती आणि त्या गुरुवारी 12.21 ही तिची अखेरची किरकोळ (म्हणजे फक्त दुरुस्त्यांची) आवृत्ती म्हणून जाहीरही झाली. मात्र त्या दिवशी आलेल्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हरच्या एका अंतर्गत स्ट्रक्चरचा (माहितीच्या रचनेचा) आकार बदलला होता. त्यामुळे आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) नव्या सर्व्हरवर कोसळू शकतील, असे निदर्शनास आले. शिवाय एका सुरक्षा दुरुस्तीचा परिणाम म्हणून, ठरावीक युजरला लॉगिन करताच ठरावीक रोल (अधिकारांचा संच) मिळावा अशी जी सोय होती तीच चालेनाशी झाली. आठवड्याभरात, 21 नोव्हेंबरला, दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या आणि निरोप घेऊन झालेल्या बाराव्या आवृत्तीलाही 12.22 मिळाली. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या अखेरच्या तारखा देणारे जे पान आहे, तेथे बाराव्या आवृत्तीसमोर आज 21 नोव्हेंबर 2024 हीच तारीख आहे.

डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला या पानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. कंपन्यांची अपग्रेडची वेळापत्रके, ऑडिटरचे प्रश्न, जुना सर्व्हर बंद करण्यासाठी व्यवस्थापनाकडे मागायचे पैसे, हे सगळे त्या एका तक्त्याकडे बोट दाखवून ठरते. माणसांप्रमाणेच देखरेखीची साधनेही हीच माहिती वाचत असतात, कारण संकेतस्थळ ती जेसन आणि आरएसएस या यंत्रांना वाचता येणाऱ्या स्वरूपांतही देते.

ही माहिती सहसा चुकत नाही, कारण ती एकाच ठिकाणी ठेवलेली आहे. संकेतस्थळ जँगो या वेब-फ्रेमवर्कवर चालते, त्याचा कोडही खुला आहे आणि त्यामागच्या डेटाबेसमध्ये आवृत्त्यांचे एक टेबल आहे. ताजी किरकोळ आवृत्ती कोणती, ती कधी आली, त्या मुख्य आवृत्तीचा आधार (दुरुस्त्या मिळणे) कधी संपणार, हे त्या टेबलातल्या एका ओळीत असते आणि मुखपृष्ठापासून धोरणाच्या पानापर्यंत सगळीकडे तेथूनच उचलले जाते. तारीख पाच पानांवर हाताने टंकलेली असती, तर त्या नोव्हेंबरात निदान एका पानावर तरी चौदा तारीख तशीच राहिली असती, याबद्दल मला शंका नाही.

ही ओळ कधी बदलायची, हाही विचारपूर्वक ठरवलेला भाग आहे. किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. मूळ कोडचे गाठोडे मात्र त्या आठवड्याच्या सोमवारीच तयार होते आणि मधले दिवस वेगवेगळ्या लिनक्स वितरणांसाठी पॅकेजेस बांधणाऱ्यांना मिळतात. नवा आकडा सोमवारीच झळकला, तर लोक अपग्रेड करायला जातील आणि पॅकेज सापडणार नाही. शुक्रवारवर ढकलला, तर सुरक्षा दुरुस्ती जाहीर होऊनही लोक जुन्याच आवृत्तीला ताजी समजत राहतील. अद्ययावत माहिती म्हणजे लवकरात लवकर दिलेली माहिती, असा आपला सर्वसाधारण समज असतो. येथे ती वेळेवर दिलेली असावी लागते.

डॉक्युमेंटेशनचा प्रश्न याहून अवघड आहे आणि पोस्टग्रेसने तो ज्या पद्धतीने हाताळला आहे, तिच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. पहिली गोष्ट अशी की डॉक्युमेंटेशन वेगळ्या विभागाकडे सोपवलेले नाही. ते कोडच्याच गिट रेपॉझिटरीत (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) राहते. एखादी नवी सोय आणणाऱ्या पॅचमध्ये (कोडच्या प्रस्तावित बदलात) डॉक्युमेंटेशनचा भाग नसेल, तर तो पॅच अपूर्ण समजला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक आवृत्तीचे डॉक्युमेंटेशन वेगळे ठेवलेले असते आणि आधार संपलेल्या आवृत्त्यांची पानेही काढून टाकली जात नाहीत. त्या पानांवर ही आवृत्ती आता आधारात नाही असा इशारा असतो आणि चालू आवृत्तीतल्या त्याच पानाची लिंक दिलेली असते. जुने काढून नवे लावणे म्हणजे अद्ययावत करणे, असे मानणाऱ्यांना हा पसारा वाटेल. पण कोणत्या तरी कारखान्यात किंवा पतपेढीत 9.6 अजूनही चालू असते, आणि ती हलवण्याचे काम ज्याच्यावर येते त्याला 9.6 चेच पान हवे असते.

या पद्धतीची किंमत आहे. अनेक वर्षे शोधयंत्रात काही विचारले की सर्वांत वर 9.1 किंवा 9.3 ची पाने येत, कारण बाहेरच्या लेखांनी आणि उत्तरांनी त्यांनाच लिंक दिलेल्या होत्या. आता जुन्या पानांवर शोधयंत्रांसाठी चालू पानाकडे निर्देश करणारी खूण असते, आणि पत्त्यात आवृत्तीच्या आकड्याऐवजी 'करंट' लिहिण्याची सोय आहे. लेख लिहिणाऱ्यांनी ही सोय वापरावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मात्र नावच बदलले तर 'करंट'चा पत्ताही तुटतो. दहाव्या आवृत्तीने, म्हणजे 2017 मध्ये, डेटाबेसमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या पीजी_एक्सलॉग या फोल्डरचे नाव पीजी_वॉल केले. नावात 'लॉग' असल्यामुळे डिस्क भरली की काही जण त्यातल्या फाइली बिनमहत्त्वाच्या समजून पुसून टाकत आणि डेटाबेस गमावून बसत. फोल्डरबरोबर त्याच्याशी संबंधित आज्ञांची नावेही बदलली. पुढे बाराव्या आवृत्तीने रिकव्हरी.कॉन्फ ही डेटा पूर्ववत करण्याच्या सेटिंग्जची फाइलच रद्द केली. ती जागेवर आढळली तर सर्व्हर सुरूच होत नाही. अशा वेळी जुन्या लेखातली लिंक दाबणाऱ्याच्या हाती 'पान सापडले नाही' एवढाच निरोप पडला असता. म्हणून डॉक्युमेंटेशनच्या शेवटी एक परिशिष्ट जोडले गेले, ज्यात रद्द झालेल्या किंवा नाव बदललेल्या गोष्टींची छोटी छोटी पाने आहेत: अमुक आता अमुक नावाने ओळखले जाते, तपशील तमुक प्रकरणात पाहावा. ही पाने कोणी मुद्दाम वाचायला जात नाही, पण मला विचाराल तर संकेतस्थळावरचा सर्वांत सौजन्यशील मजकूर तोच आहे.

इन्स्टॉलेशनच्या पानांचे मात्र असे नियंत्रण प्रकल्पाच्या हाती नाही, कारण बदल बाहेरून येतात. डेबियन या लिनक्स वितरणाने पॅकेजांची सत्यता तपासणाऱ्या चाव्या नोंदवण्याची जुनी आज्ञा कालबाह्य ठरवली आणि डाउनलोडच्या पानावरील सूचना बदलाव्या लागल्या. त्या आज्ञा नक्कल करून लिहिलेले असंख्य लेख मात्र तसेच राहिले. जुन्या लेखांवर विसंबणाऱ्यांसाठी असाच एक सापळा अठराव्या आवृत्तीनेही मागे ठेवला आहे. तिच्यात डेटा चेकसम (डेटा बिघडला का हे तपासणारे आकडे) आपोआप चालू असतात, त्यामुळे चेकसम नसलेल्या जुन्या क्लस्टरवरून (डेटाबेसच्या साठ्यावरून) पीजी_अपग्रेड या साधनाने नव्या आवृत्तीवर जायचे असेल, तर नवे क्लस्टर मुद्दाम चेकसम बंद ठेवून तयार करावे लागते किंवा आधी जुन्यात ते चालू करावे लागतात. जुन्या लेखांतल्या पायऱ्या जशाच्या तशा गिरवणारा नेमका येथे अडतो.

डॉक्युमेंटेशनच्या पानांखाली चूक कळवण्याचा फॉर्म असतो आणि तो भरण्यासाठी प्रोग्रॅमर असावे लागत नाही. कळवलेली दुरुस्ती स्वीकारली गेली, तर ती मुख्य शाखेत आणि लागू असेल तेथे आधारातल्या जुन्या शाखांतही जाते. विकासाधीन आवृत्तीच्या पानावर ती लवकरच दिसू लागते. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची पाने मात्र पुढच्या किरकोळ आवृत्तीबरोबर नव्याने चढवली जातात. म्हणून डिसेंबरात सुचवलेला बदल जानेवारीत दिसला नाही, तर पुन्हा फॉर्म भरण्याआधी फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत थांबावे.