हळदीचे हात लाल झाले तो शनिवार

19 एप्रिल 2025, शनिवार, ईस्टरचा आदला दिवस. मी जालन्यात अंगणवाडीसेविका आहे. आमच्या वस्तीत मराठी ख्रिस्ती घरं बरीच आहेत, शेजारची गल्ली मुस्लिम, मागच्या गल्लीत बौद्ध आणि बाकी सगळे मिळून मिसळून, त्यामुळं मार्च-एप्रिल लागला की आमच्याकडं सण संपतच नाहीत. त्या वर्षी 30 मार्चला पाडवा आला, लेकरांनी आइस्क्रीमच्या काड्यांच्या गुढ्या केल्या, दुसऱ्या दिवशी ईद म्हणून चांद-तारे झाले, 14 एप्रिलला जयंतीचे निळे झेंडे. मग एका आजींनी मला दारातच गाठलं. "बाई, सगळ्यांचं केलं, आमच्या ईस्टरचं कामून राहिलं?"

खरंच राहिलं होतं. ईस्टर म्हणजे येशू कबरीतून परत उठल्याचा सण एवढं ठाऊक होतं, पण तो कधी येतो हेच नीट माहीत नव्हतं, कारण दरवर्षी तारीख बदलते. आजींनी ओट्यावर बसून समजावलं की 21 मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा, ती झाली की येणारा पहिला रविवार, म्हणून कधी मार्चमधेच येतो आणि कधी पार 25 एप्रिलपर्यंत जातो. म्हणजे आपल्यासारखंच चंद्रावर की! आजींचं माहेरचं कूळ बेथेलचं, जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ती वस्ती. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, शुभ शुक्रवार, मग रविवारी पहाटे अंधारातच उपासनेला जायचं, हे सगळं त्या इतक्या जिव्हाळ्यानं सांगत होत्या की मी तिथंच ठरवलं, करायचं. आणि अंडं कशासाठी? तर म्हणाल्या, "वरून दगडासारखं बंद, कबरीसारखं, अन् आतून जीव बाहेर येतो, म्हणून."

आता पैशाचं. असल्या कामाला वेगळे पैसे कुठले असणार, मी घरातून शंभर रुपये घ्यायचे ठरवले आणि त्यातले ऐंशी एक डझन अंड्यांनाच गेले. बाकीचं सगळं फुकट. कांद्याची टरफलं भाजीवाल्याच्या टोपल्याच्या बुडातून मिळाली, अंड्याचा कागदी ट्रे दुकानदारानं दिला तो मी दोन दिवस कडक उन्हात टाकला (कच्च्या अंड्याची घाण लागलेली असते, आणि लेकरं हात तोंडात घालतातच), लग्नसराई असल्यानं जुन्या लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या, त्यांचा पुठ्ठा मस्त जाड असतो. कापूस आमच्या मदतनीसताईंनी आणला, घरच्या शेतातला. डिंकाऐवजी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, चुकून पोटात गेली तरी काळजी नाही.

कापसाचं मात्र एक सांगते, कारण हे मी स्वतः बघितलंय. शेतातला कापूस दिला तर आधी त्यातली सरकी बसून एकूणएक काढा. दोन-तीन वर्षांचं लेकरू सरकी सरळ नाकात घालतं. आम्ही दोघींनी आदल्या दिवशी तासभर तेच काम केलं.

अंडी मी घरीच रंगवून आणली, उकळत्या पाण्याजवळ लेकरं नकोतच. पातेल्यात दहा-बारा कांद्यांची टरफलं, दोन चमचे व्हिनेगर, आणि अंड्यावर आधी कोथिंबिरीचं नाहीतर कडुलिंबाचं पान पाण्यानं चिकटवायचं, वरून जुन्या ओढणीचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं आवळायचा आणि मग पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. सोडलं की अंडं विटेसारखं लालसर आणि पानाच्या जागी फिकट नक्षी. आजींना हे त्यांच्या नर्स असलेल्या मावशीनं शिकवलेलं. पहिलं अंडं सोडलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून बघत बसले, इतकं सुंदर निघालं होतं ते पान.

सकाळी आठला लेकरं जमली. एकोणीस होती, त्यातली सात तर पटावरची पण नाहीत, मोठ्या बहिणीच्या बोटाला धरून आलेली पाठची भावंडं, दोन-अडीच वर्षांची. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी मेंढीचा आकार काढून दिला होता, त्यावर खळ फासायची आणि कापूस चिकटवायचा. कुणाच्या मेंढीला नुसतं शेपटाजवळच कापूस, कुणी सगळा कापूस एकाच ठिकाणी दाबला. दरवर्षी मी काय करायचे, तर ग्रुपवर फोटो टाकायचा असतो म्हणून लेकरू उठलं की त्याचा कागद स्वतः नीट करायचे. त्या दिवशी नाही केलं. आजी बसल्या होत्या ना समोर, नातवाची वाकडी मेंढी त्यांनी अशी काही छातीशी धरली की माझा हातच पुढं गेला नाही.

मग पिल्लं. ट्रेच्या वाट्या कापून उलट्या ठेवल्या की कोंबडीच्या पिल्लाचं अंग तयार, त्याला पिवळा रंग द्यायचा. रंग म्हणजे हळद, पाण्यात कालवलेली, आणि ब्रश नाही, बोटं. हे सगळ्यांना भारी आवडलं. दहा मिनिटांत हात, कोपर, फरशी, सगळं पिवळं.

त्या सगळ्यात एक मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. पावणेतीन वर्षांची, जानेवारीपासून बहिणीसोबत येते पण एक शब्द बोलत नाही, खळीला हात लावत नाही, काही चिकट लागलं की फ्रॉकला पुसून रडते. मी तिला बोलावलं नाही. लांबून बघू दे म्हटलं.

आता हात धुवायचे. हातसाबण संपलेला, म्हणून मी मोरीतली कपड्याच्या साबणाची वडी दिली आणि बादलीतून तांब्यातांब्यानं पाणी, कारण नळ तर आठ-आठ दिवस येत नाही. पहिल्या पोरानं साबण चोळला आणि त्याचे दोन्ही हात लालभडक झाले. त्यानं बघितलं आणि जी किंकाळी फोडली! मागची पाच-सहा लगेच सुरू. तेवढ्यात त्याची आई न्यायला आली, दारातूनच ओरडली, "अगं माय, रगत कामून निघायलं लेकराच्या हातातून?"

"रगत नाही ताई, हळद हाय, हळद!" मी म्हणत होते पण रडण्यात ऐकू कुणाला जायलंय. माझेही पाय लटपटले होते, कारण क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग आजीच म्हणाल्या, "अगं, कुंकू कशाचं करतात?" आणि डोक्यात उजेड पडला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वापार असंच करतात, आणि कपड्याच्या साबणातही तसाच खार असतो. मदतनीसताईंच्या पिशवीत लिंबू होतं, मी अर्धं पिळलं त्या पोराच्या तळहातावर आणि लाल परत पिवळं झालं. तो रडता रडता थांबला. आईनं पण हात पुढं केला, "माझ्याबी हातावर करा की बाई."

आणि तेव्हा माझ्या पदराला ओढ लागली. भिंतीजवळची ती. तिनं एक बोट हळदीत बुडवलं, साबणावर घासलं, लाल झालेलं डोळ्याजवळ नेऊन बघितलं. मग लिंबाची फोड मागायला हात पसरला, न बोलताच. पिवळं. परत साबण, परत लाल. मी मोजलं, नऊ वेळा केलं तिनं, दुसऱ्या वेळेपासून अख्खा पंजा बुडवून, आणि एकदाही फ्रॉकला पुसलं नाही. मधेच माझा हात ओढून त्यावर पण लावलं.

पिल्लं अर्धीच राहिली, चोची लावायच्याच राहिल्या. अंडी मात्र आम्ही दहाच्या आत सोलून खाल्ली, चाळीसच्या पुढच्या उन्हात उकडलेलं अंडं ठेवण्यात अर्थ नाही. नक्षीची टरफलं लेकरांनी खिशात भरून नेली. दोन अंडी आजींनी उद्याच्या उपासनेसाठी घेतली, लगेच घरी नेऊन फ्रिजमधे ठेवते म्हणाल्या.

सोमवारी त्या मुलीची आई दारात. मला वाटलं फ्रॉकच्या डागाचं बोलणार.

"बाई, पावशेर हळद संपवली हो हिनं. मोरीची भिंत सगळी लाल केली. अन् बहिणीला म्हणायली, बघ, लाल झालं."

"बोलली?"

"तेच सांगायला आले ना."

मग हळूच विचारलं, "ती भिंत परत पिवळी कशी करायची म्हणे, लिंबू किती लागंल?"