तुम्ही विचारलंत म्हणून: पाच मिनिटांचं काम आणि दोन दिवस

"पाच मिनिटांचं काम आहे की. दोन दिवस कसले लागतात?"

हे मला मार्केट यार्डातल्या दुकानदारांनी विचारलंय, पतसंस्थेच्या मॅनेजरनं विचारलंय, आमच्या दाजींनी तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी जिलेबी घेऊन समोर उभा असताना विचारलंय. आजवर मी "टेस्टिंग असतंय हो" म्हणून वेळ मारून नेली. समोरचा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, पैसे वाढवायला लागलाय. चेहऱ्यावर दिसतं ते. गेल्या आठवड्यात एकानं वर हेही ऐकवलं की त्याचा भाचा पुण्यात आयटीत आहे आणि भाचा म्हणतोय अर्ध्या तासाचं काम आहे. तेव्हा एकदाच लिहून टाकतो. सांगलीत दुकानदारांच्या हिशेबाचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम मी बघतो, हे तुम्हाला माहीत आहे. ते सोडतो.

आधी सोपं उत्तर. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, गावांच्या यादीत कऱ्हाड तीनदा येतंय, दोन काढून टाक. त्यातलं एक 'कराड' होतं, ते दिसत तरी होतं. उरलेली दोन डोळ्यांना हुबेहूब सारखी. पण एकात तो अर्धा र खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून केलेला, आणि दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं ते. माणसाला एक, मशीनला दोन. एक शोधलं की दुसऱ्याची खाती सापडत नाहीत. 'काढून टाक' म्हणजे आधी त्या दोन नावांखालची सगळी माणसं तिसऱ्या नावाखाली आणायची. आणताना कळतं की एकाच माणसाची दोन खाती आहेत, दोन्हीवर वेगळी बाकी. खरी कुठली? ते मला नाही, तुम्हालाच माहीत. तुम्ही सौद्यात, फोन उचलत नाही. गेला की एक दिवस.

हे उत्तर खरं आहे. पण त्यामागं लपायची मला सवय लागली आहे. खरं कारण वेगळं आहे. एकदा ते काम मी खरोखरच पाच मिनिटांत केलं होतं.

२०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. हळदीच्या अडतीचं दुकान असलेल्या एका शेठचं जुनं दप्तर गणपती पेठेत खालच्या मजल्यावर होतं, ते सगळं भिजलं. खतावण्या उन्हात पसरून ठेवल्या होत्या, पानाला पान चिकटलेलं. शेठ म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरवर घे. दिवाळीपर्यंत ६४० शेतकऱ्यांची नावं मराठीत भरून झाली. दुकानातल्या पोरांनी भरली, दिवाणजींनी सांगितली. दिवाणजी सत्तरीचे. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, त्यामुळं नावं सांगता सांगता स्वतःच्या एका नव्या वहीतही लिहीत होते. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, एकच काम दोनदा कशाला?" ते काही बोलले नाहीत.

२०२०च्या फेब्रुवारीत हंगाम तोंडावर असताना शेठचा फोन आला. पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, शेतकऱ्याच्या नावापुढं कंसात काहीबाही छापून येतंय. (टाकीजवळचे). (मळा). (जावई). "अरे, हिशेबाच्या पट्टीवर 'जावई' बरं दिसतंय का? कंसातलं तेवढं उडव. पाच मिनिटांचं काम आहे."

मलाही तसंच वाटलं. हे लक्षात घ्या, त्या दिवशी शेठचं आणि माझं एकमत होतं.

नावांचा तक्ता एक्सेलमध्ये काढला. शोधा-बदला. कंसातलं सगळं एका फटक्यात साफ. फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे नुसत्या मजकुराची साधी फाइल म्हणून, सेव्ह केली. मधे कसलीशी सूचना आली, ती मी न वाचता 'होय' म्हटली. फाइल परत प्रोग्रॅममध्ये चढवली. ६४० ओळी, एकही चूक नाही असा हिरवा संदेश. पाचसुद्धा लागली नसतील. मी विश्रामबागला भेळ खायला गेलो.

सीएसव्हीचे प्रकार एकाहून जास्त. साध्या प्रकारात देवनागरी मावत नाही. जे अक्षर मावत नाही तिथं प्रश्नचिन्ह बसतं. मराठी जपणारा, 'यूटीएफ-८' असं नाव लिहिलेला प्रकार त्याच यादीत होता. दोष कुणाला देऊ? आणि रात्री अकराला आपोआप बॅकअप होतो तो मीच लावलेला, रोज एकाच नावानं, कालच्यावर आजचा. त्या रात्रीही तो इमानदारीनं झाला. चांगल्या नावांची शेवटची प्रत त्यानं पुसून टाकली.

सकाळी दुकानातून फोन. गेलो तर काउंटरवर मिरज तालुक्यातले एक आजोबा पट्टी हातात धरून उभे. वजन बरोबर, दर बरोबर, हमाली-तोलाई बरोबर. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, मधे दोन मोकळ्या जागा, परत प्रश्नचिन्हं. मला बघून ते रागावले नाहीत. चष्मा वर करून म्हणाले, "ह्यात माझं नाव कुठलं म्हणायचं?" मागं कुणीतरी हसलं. आजोबा नाही हसले. सोसायटीत दाखवायची होती त्यांना ती पट्टी.

पुढचे दोन दिवस मी त्या दुकानात गादीवर बसून काढले. प्रत्येक चिन्हाला एक प्रश्नचिन्ह पडलं होतं, म्हणजे मोजून अंदाज येईल असं वाटलं. प, काना, ट, वेलांटी, ल: पाटील म्हणजे पाच. पण शिंदेसुद्धा पाच. माने, पवार, जाधव, मोरे, सगळे चार. कदम तेवढे तीन. चव्हाण सहा, त्यांचे मनापासून आभार. गावांची नावंही गेलेली, पण मोबाइल नंबर आकडे म्हणून वाचले होते. म्हणून एकेकाला फोन लावले. "शेठच्या दुकानातनं बोलतोय, आपलं नाव काय?" निम्म्यांनी शिवी घालून फोन ठेवला. ओटीपी मागायच्या आत. एक बाई म्हणाल्या, "नंबर तुझ्याकडं हाय आन् नाव म्हाईत न्हाई व्हय रं?"

शेवटी दिवाणजींनी कपाटातली ती वही काढली. माझ्यापुढं ठेवली आणि चहा सांगायला गेले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

वहीतून बहुतेक नावं परत आली. पण एकाच गावात एकाच नावाचे चौघे होते, आणि त्यांना वेगळं करणारं जे काही होतं ते कंसात होतं. त्यातल्या दोघांची खाती मी उलटीपालटी लावली. ते कळलं जूनमध्ये, एकाच्या हळदीचे पैसे दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर. भाऊबंदच ते, आधीच बोलत नव्हते. ते मिटवायला शेठ स्वतः गेले. मला बरोबर नेलं नाही. आणि अकरा नावं लागलीच नाहीत. मार्चमध्येच लॉकडाऊन लागला होता, माणसं दुकानात येईनाशी झाली. त्या अकरा ओळी अजून तशाच आहेत.

तर तेव्हापासून दोन दिवस. पहिल्या दिवशी प्रत काढतो, दुसऱ्या मशीनवर चढवतो, तुमचा बदल तिथं करतो, पन्नास पट्ट्या छापून बघतो. पूर्वी हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, असायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत. तुमचा डेटा मला तसा वाटतो. वर्षानुवर्षं कुणीकुणी काय आत टाकलंय देव जाणे.

आता हेही सांगतो, कारण भाच्यानं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. काही कामं खरंच वीस मिनिटांत होतात आणि मी ती दोन दिवसांनी देतो. झालेलं काम तसंच ठेवून देतो, रात्री परत उघडून बघतो, सकाळी परत. त्याला शिस्त म्हणावं की भीती, मला ठरवता येत नाही. २०२०चा मी असता तर म्हणाला असता, "येडा झालायस काय, शंभरातली नव्याण्णव कामं सरळ असतात." बरोबर आहे त्याचं. त्याच्याकडं गिऱ्हाइकंही जास्त होती. दोन माझ्यामुळं कोल्हापूरच्या माणसाकडं गेली, आणि तिथं त्यांचं अजून काही बिघडलेलं नाही, हेही मी अधूनमधून चौकशी करून बघतो.

हे सगळं मी मागच्या महिन्यात दिवाणजींना वाचून दाखवलं. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तेव्हा दोन दिवस लावले असतेस तरी कंस उडवलेच असतेस. कंस कशाला आहेत हे मला विचारलं असतंस तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं."

त्यावर काय बोलावं हे मला सुचलेलं नाही. तुमची नवी पट्टी गुरुवारी मिळेल.