लिबरऑफिस ७.३ वरून २५.८ : ऑटोकरेक्ट अखेर परत आलं

काल रात्री साडेअकराला लिबरऑफिसमध्ये 'महत्व' टाइप करून स्पेसबार दाबला आणि डोळ्यांदेखत त्याचं 'महत्त्व' झालं. नऊ दिवसांनी! लागोपाठ 'उज्वल', 'तज्ञ', 'आशिर्वाद' टाइप करून पाहिलं. तिन्ही सुधारले. मग शांत झोपले.

उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक प्रणाली) सोबतचं लिबरऑफिस ७.३ काढून फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम बाकी प्रणालीपासून अलग ठेवणारी पद्धत) २५.८ घेतलं, इथपर्यंत मागच्या वेळी सांगितलं होतं. साध्या पॅकेजवर साधं पॅकेज चढवलं असतं तर प्रोफाइल, म्हणजे माझ्या सेटिंग्ज आणि याद्यांचं फोल्डर, जागच्या जागी मिळालं असतं. त्या फोल्डरचं नाव ४.० पासून '४' असंच आहे. फ्लॅटपॅक आपला संसार वेगळा मांडतो, त्यामुळे पाटी कोरी. जुन्या प्रोफाइलमधलं अख्खं 'युजर' फोल्डर उचलून न्यावं की निवडून, यावर माझं मत ठाम होतं: निवडून. जुनी एक्स्टेन्शन्स आणि न लागणारे टूलबार कशाला सोबत घ्यायचे? ऑटोकॉर (ऑटोकरेक्टच्या याद्या), ऑटोटेक्स्ट (एफ३ ने उमटणारे तयार मजकूर), वर्डबुक (स्वतःचे शब्दकोश), टेम्प्लेट आणि बेसिक (मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम) एवढी फोल्डरं घेतली. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्सची फाइल, जिच्यात बदललेल्या सेटिंग्ज नोंदलेल्या असतात, मुद्दाम मागे ठेवली.

मॅक्रो पहिल्या फटक्यात चालले. एफ३ दाबताच अर्जाचा मायना उमटला तेव्हा फार बरं वाटलं.

ऑटोकरेक्ट मात्र ढिम्म. ११४० नोंदी, चार वर्षं एकेक करून जमवलेल्या. आणि गंमत नाही, त्या दिसत होत्या! ऑटोकरेक्टच्या खिडकीत वर 'मराठी' निवडलं की अख्खी यादी समोर. टाइप करावं तर काहीच बदलत नाही. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून फाइल पुन्हा कॉपी केली. यादीची ती डॅट फाइल म्हणजे मुळात झिप असते, म्हणून ती उघडून आतली एक्सएमएल वाचली. एकही नोंद मोडलेली नव्हती. फाइलच्या परवानग्या तपासल्या. आठ दिवस असेच गेले.

काल एक जुना लेख दुरुस्तीला उघडला आणि त्यात 'उध्वस्त' चं आपोआप 'उद्ध्वस्त' झालं. हातच थांबला. जुन्या कागदात चालतं, नव्यात नाही? दोन्ही खिडक्या शेजारी लावल्या. जुन्याच्या खालच्या पट्टीवर 'मराठी', नव्याच्या 'हिंदी'.

सगळं तिथेच होतं. ऑटोकरेक्टची यादी भाषेगणिक वेगळी असते आणि मजकुराला जी भाषा लागलेली असेल तिचीच यादी वापरली जाते. कोऱ्या प्रोफाइलमध्ये कॉम्प्लेक्स लिप्यांची (सीटीएल, यांत देवनागरीही येते) भाषा हिंदी धरलेली होती. देवनागरी तीच, म्हणून नजरेला काही खटकलं नाही. मी ती मराठी केली होती ७.३ मध्ये, आणि ती निवड नोंदलेली होती नेमकी त्या मागे ठेवलेल्या रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्समध्ये. टूल्स, ऑप्शन्स, भाषांचं पान, कॉम्प्लेक्सपुढे मराठी. 'फक्त चालू दस्तऐवजासाठी' वरची खूण काढलेली हवी. झालं. त्याच ओघात सीटीएलचा मूळ फॉन्टही 'शोभिका' हा देवनागरी फॉन्ट करून टाकला. दीर्घ मजकुराला मला त्याच्याइतका दुसरा कुठलाच रुचत नाही.

या नऊ दिवसांत लिहिलेल्या पाच फाइलींना हिंदीच चिकटलेली आहे. त्यांत 'सर्व मजकुरासाठी' मराठी लावत बसले आहे, तीन झाल्या.

लॅपटॉपवर रविवारी हेच करणार होते, फक्त यावेळी अख्खं फोल्डर उचलून. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं: ऑप्शन्समधल्या 'पाथ्स' मध्ये ऑटोकरेक्टची जागा बदलता येते. यादी प्रोफाइलच्या बाहेर, माझ्या कागदपत्रांच्या फोल्डरात ठेवली तर पुढच्या आवृत्तीला ती हलवायलाच नको. वर्डबुकही तिथेच न्यावं म्हणते. आधी डेस्कटॉपवर करून बघते, एका प्रतीवर. मूळ ११४० नोंदी पेनड्राइव्हवर आहेत.