जागेचा रकाना

२०२० चा जानेवारी आम्हा ग्रामसेवकांचा लोकजैवविविधता नोंदवहीनं, म्हणजे गावातली झाडं-गवतं, पशुपक्षी लिहून ठेवायच्या वहीनं खाल्ला. जैवविविधता कायदा २००२ चा, पण हरित लवादानं ३१ जानेवारीची मुदत घातली, ती चुकली तर राज्याला महिन्याला १० लाखांचा दंड ठरवला, तेव्हा सगळे जागे झाले. वरून रोज फोन, ‘झालं का?’

माझं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून जवळच. नोंदवही करणाऱ्या गावच्या जैवविविधता समितीवर तेव्हा किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य लागायचे, म्हणून पारधी वस्तीवरच्या बी.ए. करणाऱ्या एका पोराचं नाव घातलेलं. नोंदवहीचं काम घेतलेल्या माणसानं भलत्याच गावाची यादी आमच्या नावानं छापून आणली. पोरानं दोन पानं उलटली.

“भाऊसाहेब, यात साग लिवलाय. आपल्यात साग कुठं बघितला तुमी?”

मग माळावर गेलो. तो, त्याची चुलत बहीण आणि वस्तीवरची दोन पोरं. पवन्या, मारवेल, कुसळी... तो गवत ओळखून सांगायचा, बहीण लिहायची. मी आपला पॅन्टला चिकटलेली कुसळं काढत मागं. एका खोकडाच्या, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याच्या बिळापाशी त्यानं थांबवलं. बिळाला चार तोंडं. तीन तोंडांवर कोळ्याची जाळी शाबूत, चौथ्याची माती ताजी उकरलेली.

“इथनंच ये-जा हाय. जोडी असंल. महिन्या-दोन महिन्यांत पिलं दिसतील.”

लोकेशन घ्यायला मी मोबाइल काढला, तर त्यानं स्क्रीनवर हातच ठेवला. “खोकड लिवा. जागा नको.”

“अरे, रकाना आहे तसा.”

“वही उद्या कुणाच्या हातात जाईल ठावं हाय का? आणि इथं शिकारीचं जाळं सापडलं की पोलीस पयल्यांदा आमच्याच वस्तीवर येत्यात.”

बहीण वहीतून मान वर न काढता म्हणाली, “आमच्या पणज्याची नोंद सरकारनं लय ठेवली, भाऊसाहेब. रोज हजेरी.”

पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला. त्या कायद्याखाली अशा जमातींना जिथं कोंडून ठेवलं, त्या सोलापुरातल्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र अजून चालतं. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. मी मोबाइल खिशात टाकला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत येत्या पावसाळ्याची वृक्षलागवड होती: गायरानावर गिरिपुष्प. आदल्या वर्षीच्या ३३ कोटींच्या मोहिमेतले काही खड्डे अजून तिथं उघडे. पोरगा उभा राहिला. “माळावर झाडं दाटली की खाली गवत ऱ्हात न्हाई. गवत गेलं की तित्तिर, लावा, खोकड, सगळंच गेलं.”

“आता पारध्याला इचारून गाव चालवायचं का?” मागून एक आवाज. चारजण हसले.

तो खाली बसला नाही. तेवढ्यात धनगरवाड्यातले आबा उठले. “रोपं लावली की चराई बंद. मग मेंढरं डांबरी रोडवर चारू व्हय?”

आता हसणाऱ्यांची बाजू बदलली. मेंढरं बऱ्याच घरांत आहेत. लागवड रस्त्याकडेला आणि ओढ्याकाठी करायची, माळ मोकळा ठेवायचा, असा ठराव झाला. सूचक तो पोरगा, अनुमोदक आबा. माझ्या नोकरीत अशी जोडी प्रोसिडिंगमध्ये पहिल्यांदाच लिहिली.

सभेनंतर तो गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं विचारत होता. त्या गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे त्यानं वाचलं होतं. मी सांगितलं, आपला माळ महसुली गायरान, दप्तरी वन नाही, तिथं वनहक्क कायदा कसा लावायचा? “मग आपल्याकडं काय हाय?” म्हणाला. ग्रामसभा आणि ही नोंदवही, दुसरं काय सांगणार? त्यावर त्यानं जागांबद्दलचा दुसरा ठरावही त्याच बैठकीत घ्यायला लावला, लोक चहाला पांगायच्या आत.

नोंदवही मुदतीत गेली. दोन दिवसांनी वरून फोन, “जागेचा रकाना मोकळा का?” मी ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पाठवली: जागांची माहिती समितीकडे आहे, ज्याला हवी त्यानं ग्रामसभेत येऊन मागावी.